सूचना अहिराणीत, उत्तर इंग्रजीत

सहामाहीचे इंग्रजीचे पेपर तपासायला घेतले की जवळजवळ कोरे असलेले पेपर मी आधी बाजूला काढते. पूर्ण कोरा पेपर क्वचितच येतो. वर नाव असतं, हजेरी क्रमांक असतो, जोड्या लावलेल्या असतात, उताऱ्यातली एखादी ओळ जशीच्या तशी उतरवलेली असते आणि पुढची पानं रिकामी. त्या पानांना शून्य देऊन पुढे जाता येतं. पण त्या शून्यामागे काय आहे? एखाद्याला खरोखरच इंग्रजी वाचता येत नाही. एखादीला उतारा कळलेला असतो, पण प्रश्न काय करायला सांगतो आहे ते कळलेलं नसतं. एखाद्याला उत्तर ठाऊक असतं, तोंडानं सांगताही येतं, फक्त कागदावर उतरत नाही. आणि एखादी दिवाळीच्या आगेमागे आईबरोबर कापूस वेचायला जात होती, तिनं ते धडे ऐकलेलेच नसतात. रिकामं पान मात्र चौघांचंही सारखंच दिसतं. त्यांना एकाच रांगेत बसवणं मला अन्याय वाटतो, आणि शिक्षक म्हणून माझं बरंचसं काम हा अन्याय टाळण्याचंच आहे.

मी पाचोऱ्यात एका अनुदानित माध्यमिक शाळेत पाचवी ते दहावीच्या वर्गांना इंग्रजी शिकवते. पाचोरा भुसावळ-मनमाड लोहमार्गावरचं, जिनिंगचं आणि बाजाराचं गाव. बोलींच्या दृष्टीनं ते सीमेवरच आहे. भडगाव-चाळीसगावच्या बाजूनं येणारी मुलं अहिराणी बोलतात, जामनेरकडच्या अंगाला तावडी बोली सुरू होते, सातगाव डोंगरीच्या बाजूला अजिंठ्याच्या डोंगराकडे गेलं की बंजारा तांड्यांवर गोरमाटी. शहरातल्या काही घरांत उर्दू. 2011 च्या जनगणनेत खानदेशी बोलणाऱ्यांची संख्या अठरा लाखांच्या वर नोंदवलेली आहे, आणि प्रत्यक्षात अहिराणी बोलून कागदावर मराठी लिहिणारी घरं त्याहून कितीतरी जास्त असणार, असं मला वर्गाकडे पाहून वाटतं. अशा घरातलं मूल शाळेत येतं तेव्हा पुस्तकातली मराठीच त्याला शिकायची असते. ते 'शाळा' न म्हणता 'शाया' म्हणतं, म्हणून मराठीच्या तासाला हसू झालेलं असतं. मग टीव्ही-मोबाइलची हिंदी येते आणि त्यानंतर इंग्रजीचा नंबर लागतो. वेळापत्रकात इंग्रजी तिसरी भाषा आहे. माझ्या पुष्कळ मुलांसाठी ती चौथी आहे.

महाराष्ट्रात मराठी शाळांमधून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्यामुळे माझ्याकडे पाचवीत येणारं मूल इंग्रजीला अगदीच अनोळखी नसतं. रंग, प्राणी, भाज्या, कविता, 'मे आय कम इन' एवढं त्याच्याकडे असतं. शब्द आहेत, पण शब्दांना जोडून स्वतःचं काही सांगायची वेळ त्याच्यावर आलेली नसते. पाचवीच्या पहिल्या महिन्यांत मी बोलायचा आग्रह धरत नाही. खिडकीला हात लाव, वही बाकाखाली ठेव, शेजारणीला पेन्सिल दे, असं इंग्रजीत सांगते आणि मुलं करून दाखवतात. कळलं की नाही हे त्यातून लगेच दिसतं. तांड्यावरची एक मुलगी कित्येक आठवडे तोंडातून एक इंग्रजी शब्द काढत नव्हती, पण एकही सूचना तिची चुकत नव्हती. ऐकून समजण्याच्या रकान्यात मी तिच्या नावापुढे वरची श्रेणी लिहिली आणि बोलण्याचा रकाना काही काळ रिकामा ठेवला. वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाला 'काहीच येत नाही' म्हणण्यापूर्वी त्याला काय कळतं ते तपासायलाच हवं.

सूचनांचा प्रश्न मला सगळ्यात आधी कळला. इंग्रजीच्या पेपरात उतारा इंग्रजीत असतो, प्रश्न इंग्रजीत असतात, आणि त्या प्रश्नांचं काय करायचं हेही इंग्रजीतच लिहिलेलं असतं. 'कम्प्लीट द वेब', 'फाइंड आउट', 'रिअरेंज', 'स्टेट व्हेदर'. परीक्षेत शेजारून जाताना मुलं हळूच विचारतात, "मॅडम, काय करनं ते समजनं नही." म्हणजे उताऱ्याशी त्यांची गाठ पडण्याआधीच ती दारात अडकलेली असतात. मी माझ्या घटक चाचण्यांत सूचना मराठीतून छापायला सुरुवात केली आणि परीक्षेच्या सुरुवातीला त्या एकदा अहिराणीतून सांगू लागले. गोरमाटी बोलणाऱ्यांसाठी वरच्या वर्गातली एखादी मुलगी बोलावते. उतारा, प्रश्न आणि उत्तरं मात्र इंग्रजीतच. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारलं, "ताई, मग इंग्रजीची परीक्षा राहिलीच कुठे?" प्रश्न रास्त होता. मी त्यांना म्हटलं, सर, मला त्यांना उतारा वाचता येतो का ते बघायचंय. 'रिअरेंज'चा अर्थ येतो का हे बघायचं असेल तेव्हा मी तो शब्द वेगळा विचारीन. एकाच प्रश्नात दोन गोष्टी मोजल्या तर मूल नेमकं कुठे चुकलं हे मलाच कळत नाही, आणि मग पुढच्या आठवड्यात काय शिकवायचं तेही कळत नाही.

ते सर मला अजूनही म्हणतात की सगळ्यांना एकच पेपर, एकच वेळ, यालाच न्याय म्हणायचं. या म्हणण्याला अमेरिकेत फार पूर्वी उत्तर मिळालेलं आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांमध्ये इंग्रजी न येणाऱ्या चिनी मुलांना इतरांसारखीच पुस्तकं, तेच शिक्षक, तेच वर्ग दिले जात होते. 'लाउ विरुद्ध निकोल्स' या खटल्यात 1974 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ज्यांना शिकवण्याची भाषाच कळत नाही, त्यांना सगळ्यांसारखंच सगळं दिल्यानं समान वागणूक मिळत नाही. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 पासून मांडलेला मुद्दाही मला रोज उपयोगी पडतो. नव्या भाषेत खेळताना-बोलताना लागणारी सहजता साधारण दोनेक वर्षांत येते. पण त्या भाषेत धडा वाचून विचार मांडण्याइतकी पकड यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. तीही अशा मुलांना, ज्यांच्या अवतीभवती दिवसभर इंग्रजी असतं. माझ्या मुलांभोवती इंग्रजी असतं ते एका तासिकेपुरतं. त्यांच्याकडून पाचवीतच ओघवता परिच्छेद मागणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा.

सगळ्यात जास्त नुकसान मी सेमीच्या वर्गांत होताना पाहिलं आहे. आमच्याकडे पालकांना सेमी हवं असतं, आणि त्यांची ती आकांक्षा मला योग्यच वाटते. पण गणित-विज्ञान इंग्रजीतून सुरू झालं की इंग्रजीची कमतरता त्या विषयांच्या गुणांतून वसूल होते. सातवीतल्या एका मुलाला नफा-तोट्याच्या उदाहरणात भोपळा मिळाला होता. हा मुलगा वडिलांबरोबर कापूस विकायला जातो. क्विंटलचा भाव, वजनातून कापलेले किलो, गाडीभाडं, हमाली हे सगळं धरून हातात काय येईल ते तो तोंडी सांगतो. मी तेच उदाहरण त्याला अहिराणीतून वाचून दाखवलं, त्यानं बोटांवर न मोजता उत्तर दिलं. त्याला 'डिस्काउंट' आणि 'मार्क्ड प्राइस' कळत नव्हतं, गणित कळत होतं. गणिताच्या सरांशी बोलून आम्ही एक गोष्ट केली: पाठाच्या सुरुवातीला त्या पाठातले दहा-बारा इंग्रजी शब्द मराठी अर्थांसह फळ्याच्या कडेला लिहायचे, आणि चाचणीच्या दिवशीही ते पुसायचे नाहीत. विज्ञानाच्या चाचणीत मूल इंग्रजी शब्द विसरलं तर त्यानं मराठी शब्द लिहावा किंवा आकृती काढून दाखवावी. प्रकाशसंश्लेषण कळलेल्या मुलीचा गुण स्पेलिंगपायी गेला तर विज्ञानाच्या गुणपत्रकाला काही अर्थ राहत नाही.

उताऱ्यांचंही असंच. एका तयार प्रश्नसंचात सहावीसाठी मॉलमधल्या एस्कलेटरवरचा उतारा आला होता. वाक्यं सोपी, शब्द सोपे, तरी अर्धा वर्ग अडला. ज्यांनी सरकता जिना पाहिलेलाच नाही त्यांना 'पायरी आपोआप वर गेली' हे वाक्य भाषेमुळे अवघड गेलं की चित्रच डोळ्यांपुढे न आल्यामुळे? पुढच्या चाचणीत मी साधारण तेवढ्याच अवघड वाक्यांचा उतारा स्वतः लिहिला, पीजेवर. पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी 2020 च्या टाळेबंदीत थांबली ती पुन्हा सुटलीच नाही. आता त्या मार्गाच्या रुंदीकरणाची चर्चा आणि कामं चालू आहेत. आजच्या सहावीतल्या मुलांना तिच्यात बसल्याचं आठवत नाही, पण वरखेडी, शेंदुर्णी, पहूर ही स्टेशनं आणि आजोबांनी चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढल्याच्या गोष्टी घरोघर आहेत. एस्कलेटरवर अडलेली कितीतरी मुलं पीजेवरच्या उताऱ्यातून उत्तरं शोधत गेली, अनोळखी शब्दांचा अंदाजही त्यांनी बांधला. मुलांना कायम ओळखीच्याच जगात ठेवायचं नाही, एस्कलेटरही त्यांना माहीत व्हायला हवा. पण तो शिकवायचा तासाला, चित्र दाखवून. वाचन मोजायच्या दिवशी तो आडवा यायला नको.

चुका तपासताना मुलाची बोली मला माहीत असल्याचा फार उपयोग होतो. अहिराणीत 'मी जास', 'तू जास', 'तो जास', तिघांनाही क्रियापद तेच लागतं. 'आय गोज' लिहिणाऱ्या मुलाला मी हेच फळ्यावर मांडून दाखवते: आपल्याकडे 'स' सगळ्यांना, इंग्रजीत तो फक्त 'ही', 'शी', 'इट'ला. मुलं खूश होतात, कारण त्यांची बोली प्रथमच फळ्यावर आलेली असते आणि तीही व्याकरण म्हणून. 'स्कूल'ला 'इस्कूल' म्हणणं आमच्याकडे सर्रास आहे. तोंडी परीक्षेत मी त्याचा गुण कापत नाही, ऐकणाऱ्याला अर्थ पोचतो आहे. तोच 'आय' स्पेलिंगमध्ये शिरला तर तिथे मात्र खूण करते. बोलण्याची लकब आणि लिहिण्याची चूक यांची गल्लत करून दोन्हीकडे गुण कापणं चुकीचं आहे.

लेखनाच्या प्रश्नाबद्दल मला तीव्रपणे बोलावंसं वाटतं. आठवीत 'माय फादर' या विषयावर परिच्छेद दिला होता. बऱ्याच वह्यांमध्ये एकाच गाईडमधले वडील आले: सकाळी लवकर उठणारे, ऑफिसला जाणारे, रविवारी बागेत नेणारे. निर्दोष इंग्रजी. या मुलांपैकी कितीजणांचे वडील ऑफिसला जातात ते मला माहीत आहे. त्यात एकानं लिहिलं होतं: 'माय फादर कॉटन सेल. मनी लेट कम. फादर नाइट नो स्लीप.' पाठ केलेल्या परिच्छेदाला पाचपैकी साडेचार आणि या तीन वाक्यांना एक, असं आपल्याकडे सहज घडतं. खरं तर इंग्रजी वापरलं ते या मुलानं. आहेत त्या शब्दांत त्यानं स्वतःचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत पोचवलं, आणि भाषा शिकायची ती यासाठीच. तेव्हापासून मी लेखनाचे गुण तीन भागांत देते: म्हणणं किती पोचलं, वाक्यरचना कशी आहे, स्पेलिंग कसं आहे. पाठ केल्याची शंका आली तर त्या मुलाला जवळ बोलावून परिच्छेदातलेच दोन साधे प्रश्न इंग्रजीत विचारते. उत्तर आलं तर पाठांतरही कामी आलं म्हणायचं. नाही आलं तर म्हणणं पोचवण्याचे गुण त्याला मिळत नाहीत. त्या तीन वाक्यांच्या मुलाला वाक्यरचनेचे गुण मी दिले नाहीत, कारण ती त्याला येत नव्हती. ती येत नाही हे त्याला स्पष्ट कळणं हा त्याचा हक्क आहे. कीव म्हणून दिलेले गुण पुढच्या वर्गात मुलालाच फेडावे लागतात, म्हणून मी ते देत नाही.

नियमांनी मला यात आडकाठी केलेली नाही, उलट बळच दिलं आहे. शिक्षण हक्क कायद्यानंतर 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. पाचवी-सहावीला निम्मे गुण आकारिक, निम्मे संकलित. सातवी-आठवीला चाळीस आणि साठ. आकारिकमध्ये दैनंदिन निरीक्षण आहे, तोंडी काम आहे, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय आहे. मुलाला जे येतं ते कागदाबाहेर दाखवायची एवढी दारं या पद्धतीत ठेवलेली आहेत. अडचण होते ती नोंदींची. वर्षाच्या शेवटी एका बैठकीत भरलेल्या नोंदवहीत सगळ्यांपुढे 'इंग्रजी शब्द अचूक उच्चारतो' असं एकच वाक्य दिसतं. मी पाटीएवढं पुठ्ठ्याचं पॅड वर्गात हातात ठेवते आणि रोज चार-पाच मुलांपुरतंच लिहिते: 'आज दुकानदाराचा संवाद स्वतःहून वाढवला', 'भूतकाळ बोलताना येतो, लिहिताना नाही'. ऊसतोडीसाठी आईवडिलांबरोबर गेलेली मुलं उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात तेव्हा याच नोंदी काढून त्यांना मी त्यांच्याच जाण्याच्या दिवसाशी ताडून बघते. वर्गाच्या सरासरीशी त्यांची तुलना करून हाताला काहीच लागत नाही.

आता पाचवी आणि आठवीच्या बाबतीत हे सगळं अधिकच जोखमीचं झालं आहे. 2023-24 पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा आली. अनुत्तीर्ण झालेल्यांना फेरपरीक्षा, त्यातही जमलं नाही तर तोच वर्ग पुन्हा. दहा-अकरा वर्षांच्या मुलीचं एक वर्ष इंग्रजीच्या पेपरावर ठरू शकतं. परीक्षा असण्याला माझा विरोध नाही; पायाच कच्चा राहून नववीत पोचलेली मुलं मीच शिकवते. पण जिथे एवढं पणाला लागतं तिथे पेपर काय मोजतो आहे याची खात्री आधी करायला हवी. फेरपरीक्षेपूर्वी जे जादा मार्गदर्शन द्यायचं, तेही मुलानुसार वेगळं हवं. अक्षरं-ध्वनी जुळत नसलेल्या मुलाला आणि सूचना न कळलेल्या मुलीला एकत्र बसवून तेच धडे पुन्हा वाचून घेतले तर दोघांचाही उन्हाळा वाया जातो.

आणखी एक गोष्ट अगदी जपून करावी लागते. काही मुलांना खरोखरच अध्ययन अक्षमता असते आणि त्यांना वेळेची, लेखनिकाची सवलत मिळायलाच हवी. पण बोली वेगळी असल्यामुळे मागे पडलेल्या मुलालाही 'अप्रगत'चा शिक्का चटकन बसतो. मी आधी मुलाला त्याच्या घरच्या भाषेत गोष्ट सांगायला लावते. एका मुलाबद्दल 'याला काही लक्षातच राहत नाही' असं मला सांगितलं गेलं होतं. त्याच्या मोठ्या बहिणीला जवळ बसवलं, आणि त्यानं गोरमाटीत घरातल्या म्हशीच्या चोरीची हकिकत क्रमानं, माणसांच्या बोलण्याच्या नकलांसकट सांगितली. अशा मुलाच्या स्मरणशक्तीत काही दोष नाही, त्याला फक्त भाषेची शिडी हवी आहे. उलट, घरच्या बोलीतही क्रम जुळत नसेल, तिथल्याही ध्वनींची गल्लत होत असेल, तर मात्र वेळ न दवडता तज्ज्ञांकडे तपासणीला पाठवायला पालकांना समजवावं लागतं.

दहावीची गोष्ट थोडी निराळी, कारण तिथला पेपर आमच्या हाती नाही. कृतिपत्रिकेत पाठाबाहेरचा उतारा येतो, इंग्रजीचं मराठीत भाषांतर करायचा प्रश्न असतो, आणि ऐंशी गुणांच्या लेखीला वीस गुणांच्या तोंडी-अंतर्गत मूल्यमापनाची जोड असते. 2019 च्या परीक्षेत अभ्यासक्रमही नवा होता आणि भाषांचे हे वीस गुणही काढून टाकले होते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला, आणि पुढच्या वर्षी तोंडी गुण परत आणले गेले. ते परत आले याचा मला आनंद झाला. ज्यांचं ऐकणं-बोलणं लिहिण्याच्या पुढे आहे अशा मुलांसाठी ते गुण हवेतच. पण वर्गातल्या सगळ्यांना सरसकट अठरा-एकोणीस देण्याची पद्धत ठिकठिकाणी आहे, आणि तिनं त्या मुलांचाच तोटा होतो. बोलायची मेहनत घेतलेली मुलगी आणि तोंड न उघडलेला मुलगा एकाच आकड्यावर उभे राहिले, तर पुढच्या वर्षीच्या वर्गाला बोलायची गरज का वाटावी?

2016 साली राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट यांनी 'तेजस' हा प्रकल्प सुरू केला होता. त्यात इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांनीच एकत्र जमून एकमेकांकडून शिकायचं, ही कल्पना होती. त्याच धर्तीवर आम्ही आसपासचे काही शिक्षक अधूनमधून जमतो. एकदा प्रत्येकानं नावं झाकून मुलांच्या उत्तरांच्या प्रती आणल्या आणि एकमेकांना न दाखवता गुण दिले. 'फादर नाइट नो स्लीप' असलेल्या परिच्छेदाला पाचपैकी एकपासून साडेतीनपर्यंत गुण पडले. एकच मूल, एकच कागद. बराच वाद झाला. नगरदेवळ्याकडच्या एका सरांचं म्हणणं, क्रियापदच नाही तर वाक्य कसलं. एका मॅडमचं म्हणणं, पोस्टकार्ड म्हणून हे घरी आलं असतं तर आपल्याला सगळं कळलं असतं. शेवटी म्हणणं, रचना, स्पेलिंग असे तीन रकाने सगळ्यांनी मान्य केले आणि पुन्हा तपासल्यावर गुण बरेच जवळ आले. आता पुढच्या बैठकीला तोंडी परीक्षांची मोबाइलवरची रेकॉर्डिंग, पालकांची परवानगी घेऊन आणि नावं काढून, सोबत आणायची ठरली आहेत. नववीच्या मुलांपासून सुरुवात करणार आहोत. कोणत्या बोलण्याला वीसपैकी बारा आणि कोणत्याला सतरा, हे एकदा कानांनी ऐकून ठरलं की फेब्रुवारीत दहावीच्या तोंडी परीक्षेला बसताना प्रत्येकाच्या हाताशी काहीतरी माप असेल.